एकच इंजिन, चार नावं: सेकंडहँड डिझेल घेताना ७५चं की ९०चं?

सोयाबीन विकून हातात पैसा आला की आमच्या दारव्हा तालुक्यात दोनच गोष्टींची चौकशी चालते, सोयरीक आणि सेकंडहँड गाडी. यंदा मामेभावाचा फोन आला. "दादा, तीन गाड्या पाह्यल्या. दारव्ह्यातली डिझायर, वणीची एर्टिगा अन् अमरावतीची झेस्ट. मिस्त्री म्हनते तिन्हीत इंजन एकच हाय. मंग जे सस्ती थे घेऊन टाकू का?"

मिस्त्री खोटं बोलला नव्हता. तिन्ही गाड्यांच्या बॉनेटखाली फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल आहे. फियाट आणि जनरल मोटर्स यांची भागीदारी होती तेव्हा, २००३ साली, ते बाजारात आलं. युरोपात ते पोलंडमधल्या बिएल्स्को-बियावा इथल्या कारखान्यात बनायचं. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, १२४८ सीसी, कॉमन रेल (चारही सिलिंडरना मोठ्या दाबाने डिझेल पुरवणारी एकच नळी) आणि टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवायला, बेल्टऐवजी चेन. एकाच स्ट्रोकसाठी डिझेल एकदम न फवारता छोट्या छोट्या फवाऱ्यांत वाटून देतात, म्हणून नाव मल्टिजेट. त्याच्यामुळे ठोक्यांचा आवाज कमी आणि अ‍ॅव्हरेज जास्त.

भारतात मारुतीने ते मानेसरला बनवलं आणि त्याला डीडीआयएस म्हटलं. टाटा आणि फियाटच्या गाड्यांसाठी ते पुण्याजवळ रांजणगावला बनायचं. टाटांनी नाव दिलं क्वाड्राजेट, फियाटने मल्टिजेटच ठेवलं. शेवरोलेने 'सेल' नावाच्या गाडीत घालून स्मार्टेक म्हटलं. २००७च्या स्विफ्टपासून मार्च २०२०पर्यंत एवढ्या कंपन्यांनी ते वापरलं, की गाड्यांच्या जगात त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. एप्रिल २०२०ला बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले आणि मारुतीने डिझेलच बंद केलं. म्हणजे आज हे इंजिन घ्यायचं तर जुन्या गाडीतच.

एक सावधगिरी आधीच सांगतो. शेवरोले बीटचं डिझेल याच घराण्यातलं, पण एक सिलिंडर कमी, ९३६ सीसी. 'स्विफ्टचंच इंजन हाय' म्हणून कोणी बीट दाखवली तर हसून पुढे जा. दुसरी अडचण उलटी. २०१९मध्ये मारुतीने सियाझ आणि एर्टिगात स्वतःचं १.५ लिटरचं, १४९८ सीसीचं डिझेल घातलं आणि वर्षभरात ते बंदही पडलं. इंजिन वाईट नाही, पण तालुक्याच्या मिस्त्र्यांचा हात त्यावर फारसा बसलेलाच नाही. म्हणून २०१९ची डिझेल एर्टिगा पाहायला जाल तेव्हा आरसीवर सीसीचा आकडा वाचा. १२४८ असेल तर पुढचं सगळं तिला लागू.

आता खरा फरक. हे इंजिन आपल्याकडे मुख्यतः दोन ताकदींत मिळालं, ७५ आणि ९० हॉर्सपॉवर. फरक टर्बोत आहे, म्हणजे धुराच्या झोताने फिरून इंजिनात जास्त हवा दाबणाऱ्या पंख्यात.

७५वाल्यात साधा टर्बो. त्याची टर्बाइन ठरलेल्या आकाराची, हलणारं काही नाही. मारुतीच्या आकड्यांत १९० न्यूटन मीटर टॉर्क (ओढण्याची ताकद), तोही २००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेतं तेव्हा. ही गाडी १८००च्या खाली झोपलेली असते आणि २०००च्या वर एकदम उठते. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, बोल्ट, बहुतेक इंडिका व्हिस्टा आणि पुंटोचं साधं मॉडेल यांच्यात हेच.

९०वाल्यात टर्बाइनभोवती हलणाऱ्या पात्या असतात. गावाकडच्या माणसाला हे पटकन कळतं: ओलिताच्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, तसं. इंजिन हळू फिरत असताना पात्या वाट अरुंद करतात आणि धुराचा झोत जोरात येऊन टर्बो लवकर फिरतो. वेग वाढला की वाट मोकळी. म्हणून २०० न्यूटन मीटर टॉर्क १७५०लाच मिळतो. एसएक्स४, एर्टिगा, सियाझ, ब्रेझा, मांझा आणि बहुतेक लिनिया यांच्यात हे. झेस्टमध्ये दोन्ही आलं. सगळ्यात खालच्या मॉडेलला ७५, वरच्यांना ९०. अमरावतीचा मालक 'झेस्ट म्हंजे नव्वदच' म्हणत होता, पण आधी मॉडेल कोणतं ते पाहायला हवं.

कागदावर ९० सरस आहे, आणि रस्त्यावरही. समृद्धीवर १२०ची मर्यादा आहे. तिथे १००च्या पुढे ट्रकला ओव्हरटेक करताना ७५ची दमछाक कळते. चिखलदऱ्याचा घाट, मागे तीन माणसं, डिकीत सामान, मेमधलं ऊन आणि एसी चालू, अशा वेळी ७५वाल्याला वळणावर दुसरा गिअर टाकावाच लागतो. ९०वाला तिसऱ्यावर ओढून नेतो. सात माणसांची एर्टिगा ७५वर आलीच नाही, ते बरंच झालं.

तरी कास्तकाराला मी ७५ सांगतो. का, ते जरा सविस्तर.

गावातली गाडी कशी चालते ते पाहा. सकाळी वावरात, तीन किलोमीटर. दुपारी बँकेत, सहा किलोमीटर. पोरगं शाळेत, परत. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. असल्या रनिंगने डिझेलच्या धुरातली काजळी आत साचत जाते. पहिल्यांदा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह चोंदतो, मग ९०वाल्याच्या त्या हलणाऱ्या पात्या काजळीने जाम होतात. इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी ताकद काढून घेते. मुलाला मार्केट यार्डातून आणायला निघालेला माणूस ४०च्या वेगाने घरी येतो. टर्बो खोलून साफ करणारा माणूस यवतमाळात मिळेल, पण नवीन टर्बो बसवायची वेळ आली तर अर्ध्या एकराचा कापूस त्यात जातो. साध्या टर्बोत जाम व्हायला पात्याच नाहीत. त्याचंही तेल गळतं, त्याचीही बेअरिंग जाते, पण त्याचं दुखणं कमी आणि सुटे भाग कुठेही.

याउलट ज्याची गाडी आठवड्यातून दोनदा नागपूरला जाते त्याच्या ९०ला काही होत नाही. तासभर २५००च्या आसपास फिरलं की बरीचशी काजळी जळून निघते. म्हणजे कोणतं इंजिन घ्यायचं ते तुमच्या रनिंगवर आहे.

७५ची एक वाईट खोड लपवणार नाही. पावसाळ्यात पांदण रस्ता, काळी माती, चाक रुतलेलं. १८००च्या खाली जोर नाही म्हणून माणूस अर्धा क्लच दाबून रेस करतो आणि क्लच प्लेट जळते. आमच्याकडे ७५वाल्यांच्या क्लच प्लेटा लवकर जातात त्या अशा. उपाय एवढाच, चिखल दिसला की पहिल्या गिअरवर आरपीएम आधीच वर घेऊन शिरायचं आणि थांबायचं नाही. ते जमत नसेल तर गाडी सडकेवर ठेवून पायी जा. आपले बाप तसेच जात होते.

अ‍ॅव्हरेजबद्दल लोक फार बोलतात. कंपनीचे आकडे असे: २०११ची स्विफ्ट डिझेल २२.९, नंतरची २५.२, २०१७ची डिझायर २८.४, ब्रेझा २४.३. हे चाचणीच्या खोलीतले आकडे. एसी लावून, थांबत-चालत इतकं कधीच पडत नाही. ७५ आणि ९० यांत अ‍ॅव्हरेजचा फरक इंजिनपेक्षा गाडीच्या वजनाचा जास्त आहे. एर्टिगा आणि सियाझला २०१५पासून एसएचव्हीएस जोडलं. त्यात स्टार्टर आणि जनरेटर एकच, तो सिग्नलला इंजिन बंद करतो आणि उचलताना थोडा हात देतो. दारव्ह्यात सिग्नल किती, ते तुम्हीच मोजा. त्याची बॅटरी मात्र साध्या डिझेलपेक्षा मोठी आणि महाग. वणीची एर्टिगा २०१६ची होती, बॅटरी कधी बदलली हे मालकाला आठवत नव्हतं.

आता दोन्हींना सारखी लागू असलेली गोष्ट, चेन. तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर तिला ताणून धरतो. तेलाची मात्रा सगळी तीन-सव्वातीन लिटर. तेल जुनं, घट्ट आणि काळं झालं की टेन्शनर ढिला पडतो, चेन लांबते, एक दिवस दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर येऊन आदळतात. मी स्वतः एकदा 'या हंगामानंतर बदलू' म्हणत तेल बदलणं चार महिने लांबवलं होतं. हेड खोलावं लागलं. इतर सगळ्या खर्चात कंजुषी करा, पण चांगलं सिंथेटिक तेल वेळेवर घाला.

दुसरं, डिझेल. वावरात पंपासाठी आणि ट्रॅक्टरसाठी प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून ठेवलेलं डिझेल या गाडीत कधीच ओतायचं नाही. जुन्या इंजिनांनी ते पचवलं, म्हणून आपली सवय तशी. कॉमन रेलमध्ये दीड हजार बारच्या आसपास दाब जातो आणि इंजेक्टरची भोकं केसासारखी बारीक. कॅनच्या तळाचं पाणी आणि गाळ एकदा आत गेला की चारही इंजेक्टर गेले. मामेभावाला हे तीनदा सांगितलं, कारण त्याच्या घरी कॅन अंगणातच असतो. एअर फिल्टरचंही तसंच. मळणीच्या दिवसांत थ्रेशरजवळ गाडी उभी ठेवली तर पुस्तकातल्या किलोमीटरची वाट पाहू नका. आणि कापूस साठवलेल्या घराजवळ गाडी लावत असाल तर उंदीर. वायरिंग कुरतडलं की सेन्सर वेडे होतात आणि मिस्त्री टर्बोला दोष देतो.

तिन्ही गाड्या पाहायला आम्ही गेलो. जुनी डिझेल गाडी पाहायची तर सकाळी, इंजिन थंड असताना. मालकाला आधी फोन करून सांगायचं, चालू करू नको. पहिल्या चार-पाच सेकंदांत खडखड आली आणि मग थांबली तर चेन किटचे पैसे भावातून कापायला सुरुवात करा. तेल घालायचं झाकण उघडून पाहा, भकाभका धूर वर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. ९०वाली असेल तर तिसऱ्या गिअरवर १५००पासून पूर्ण दाबा. २०००पर्यंत ओढायला लागली नाही, किंवा एकदा ओढली आणि दुसऱ्यांदा मेली, तर पात्या जाम आहेत. स्कॅनर असलेला मिस्त्री सोबत न्या, त्याचे चारपाचशे रुपये वाया जात नाहीत.

कागदही पाहा. खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची. २०११ची गाडी २०२६मध्ये आरटीओत फिटनेससाठी उभी राहते, वर पर्यावरण कर. स्वस्त मिळते म्हणून घेतलेली २०११ची स्विफ्ट त्या दिवशी तेवढी स्वस्त राहत नाही. एमएच २९ सोडून दुसऱ्या जिल्ह्याची पासिंग असेल तर एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरला आहे का हे आधी. लिनिया आणि पुंटो पैशाला सर्वांत जास्त गाडी देतात, रस्ता धरण्यात तर या सगळ्यांत पहिल्या. पण फियाटने इथला कार बाजार सोडला. इंजिनाचे भाग मिळतात, दिवे आणि बंपर शोधत फिरावं लागेल. शेवरोलेने २०१७च्या शेवटी भारतात विक्री थांबवली, तिचंही तेच. छंद असेल तर घ्या, घरात एकच गाडी असेल तर नको.

आणि ज्याचं वर्षाचं रनिंग सात-आठ हजार किलोमीटरच्या आत आहे त्याने हे सगळं वाचून सोडून द्यावं आणि मारुतीचं १.२ पेट्रोल घ्यावं. डिझेलचा वाचलेला पैसा एका इंजेक्टरमध्ये निघून जातो.

अमरावतीच्या झेस्टपाशी आम्ही सकाळी साडेसातला पोहोचलो. मामेभाऊ बॉनेटला हात लावून माझ्याकडे पाहायला लागला. बॉनेट गरम होतं. मालक म्हणाला, "आत्ताच दूध आणाले गेलो होतो." डेअरी त्याच्या घरासमोरच होती. वणीची एर्टिगा चालवायला फार छान वाटली, पण तिसऱ्या गिअरवर दुसऱ्यांदा दाबली तेव्हा दिवा लागला. दारव्ह्याची २०१४ची डिझायर, ७५वाली, थंड चालू झाली, दोन सेकंद खडखडली. मालक शिक्षक, तेल बदलल्याच्या पावत्या वहीत चिकटवलेल्या. चेन किट आणि क्लच प्लेटचे पैसे कापून सौदा झाला. बयाणा देऊन निघताना मामेभावाने विचारलं, "दादा, थो अंगणातला कॅन मंग ट्रॅक्टरलेच ठेवाचा ना?"