ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनची गोळी: मेथाडोनवरून येणाऱ्यांसाठी कितपत चांगली?

गुण 5 पैकी 4. गोळी उत्तम, पण घाई करणाऱ्याला ती अद्दल घडवते.

अफू-हेरॉइनसारख्या व्यसनावर ही दोन्ही औषधं देतात. मेथाडोन चालू असताना ही जिभेखाली ठेवायची गोळी दिली की तासाभरात जबर टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, लागते: जांभया, अंगावर काटा, उलट्या, जुलाब. खापर गोळीतल्या नॅलोक्सोनवर, म्हणजे नशा उतरवणाऱ्या औषधावर, फुटतं. ते चूक आहे. जिभेखालून नॅलोक्सोन रक्तात जेमतेम जातं, ते घातलंय गोळी विरघळवून टोचून घेऊ नये म्हणून. खरं कारण ब्युप्रेनॉर्फिन. ते मेंदूतल्या रिसेप्टरला (अशी औषधं जिथे चिकटून काम करतात ती जागा) जास्त घट्ट चिकटून मेथाडोनला हुसकतं आणि स्वतः अर्धवटच काम करतं.

म्हणून मेथाडोन हळूहळू रोज 30 मिलिग्रॅम किंवा त्याखाली आणायचं. शेवटच्या डोसनंतर किमान 24 तास, शक्यतो 36 ते 72 तास थांबायचं. तरीही घड्याळापेक्षा पेशंटकडे बघावं. कॉव्ज (COWS, टर्कीची लक्षणं गुणांत मोजायची पट्टी) मोजणीत 12-13 गुण भरले की पहिले 2 मिलिग्रॅम, मग तास-दोन तासांनी त्रास पाहून पुढचे. पहिल्या दिवशी साधारण 8 पर्यंत. साधं ट्रामाडॉल किंवा कोडीनचं सिरप घेणाऱ्याला बहुधा 12 तास पुरतात. मेथाडोन मात्र अंगात दिवसेंदिवस रेंगाळतं.

भुसावळला गाडीतून उतरलेला, बाहेरगावी मेथाडोनवर असलेला पेशंट आला, तर शेवटचा डोस किती आणि कधी हे आधीच्या केंद्राला फोन करून विचारा. नुसत्या सांगण्यावर जाऊ नका.

30 च्या खाली उतरवता येत नसेल त्यांच्यासाठी 0.4 मिलिग्रॅमची गोळी कामाची: मेथाडोन न थांबवता अगदी थोड्यापासून सुरुवात, रोज वाढ, शेवटी मेथाडोन बंद. हे जाणकार डॉक्टरच्या नजरेखालीच.

उलट्या बाजूने, ब्युप्रेनॉर्फिनवरून मेथाडोनवर जाताना टर्कीची वाट पाहावी लागत नाही. 24 तासांनी 20 ते 30 मिलिग्रॅमने सुरू करता येतं. पण मेथाडोन अंगात साचत जातं. भराभर वाढवलं तर पहिल्या दोन आठवड्यांत श्वास बंद पडण्याचा धोका.

जळगावच्या मे महिन्यात तोंड कोरडं ठाक असतं, गोळी विरघळतच नाही. आधी पाण्याचा घोट घ्यायला लावा, तंबाखू-गुटखा थुंकायला लावा. विरघळायला 5 ते 10 मिनिटं. तोवर चघळणं नाही, गिळणं नाही, पोटात गेलेली गोळी बहुतांशी वाया. नंतर चूळ भरावी, दात तासाभराने घासावेत.

एक गुण कापला तो याच 10 मिनिटांसाठी. तेवढ्यात गोळी पेशंटच्या गालातून खिशात जाते, आणि औषध देणाऱ्या खिडकीवरचा माणूस पुढच्याचं नाव लिहीत असतो.