डी : दोन तास, ना पॉज ना सेव्ह, आणि मध्येच लाईट गेली

स्टीमवर, म्हणजे ऑनलाइन गेम विकणाऱ्या दुकानात, सेल लागला होता आणि मी नेहमीसारखा काहीतरी स्वस्तात मिळतंय का बघत होतो, तेव्हा हा १९९५ चा गेम, डी, दिसला. दोघांनी मिसळ खाल्ली तर जेवढं बिल होईल तेवढ्यात मिळाला, तेही एक्स्ट्रा पाव न घेता. नाव फक्त एक अक्षर, डी. हे बनवणारा जपानी माणूस केंजी एनो, आणि गंमत म्हणजे गेमचा डायरेक्टरही तोच आणि संगीतही त्याचंच. आपल्याकडे कसं, दिग्दर्शक वेगळा, संगीतकार वेगळा, मग दोघांची भांडणं. इथे भांडायला दुसरा कोणी नाहीच.

आधी गेम काय आहे ते सांगतो. लॉस एंजेलिसच्या एका हॉस्पिटलमधला मोठा डॉक्टर अचानक पेशंट आणि स्टाफला मारत सुटतो आणि आत कोंडून घेतो, त्याची मुलगी लॉरा बापाला समजवायला आत जाते आणि आत गेल्यावर हॉस्पिटल राहतं बाजूला, ती पोचते एका जुन्या किल्ल्यासारख्या वाड्यात. लांबच लांब जेवणाचं टेबल, मेणबत्त्या, बंद दारं. तिथून दोन तासांत बाहेर पडायचं. खरे दोन तास, आपल्या भिंतीवरच्या घड्याळाचे. पॉज नाही. सेव्ह नाही. मध्ये उठलात तर गेलं सगळं, पुन्हा पहिल्यापासून.

आता हे जपानमध्ये बसून ठरवायला ठीक आहे हो. नाशिकच्या इंदिरानगरमध्ये जून महिन्यात, पहिल्या पावसात, दोन तास सलग लाईट राहील या भरवशावर गेम खेळायला बसणं म्हणजे शौर्यच आहे. पहिल्यांदा बसलो तेव्हा एक तास वीस मिनिटं झाली होती, गोल फिरणाऱ्या खोलीत अडकलो होतो, आणि टप्प. पंखा बंद, पीसी बंद, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज, झालं का तुझं, आता तरी जेवायला ये. इन्व्हर्टरवर पीसी नाहीये माझा, फक्त ट्यूबलाईट आणि राउटर आहे, त्यामुळे इंटरनेट चालू आणि गेम मेलेला.

लोकांना याच गोष्टीचा राग येतो हे मला माहितीये आणि पहिल्या दिवशी मलाही आला, शिव्या घातल्या. पण दुसऱ्या वेळी लॅपटॉपवर टाकला, चार्जिंग फुल्ल केलं, मोबाईल सायलेंट करून दुसऱ्या खोलीत ठेवला आणि तेव्हा कळलं की त्या माणसाला नेमकं हेच हवं होतं. तुम्ही दोन तास त्याच्या ताब्यात. थेटरात जसं बसता तसं. लॉराकडे एक खिशातलं घड्याळ असतं, ते काढून बघता येतं किती वेळ उरलाय, आणि एक छोटा आरसा असतो जो हिंट देतो, पण तीनदाच, मग फुटतो. मी पहिली हिंट सुरुवातीच्या दहा मिनिटांतच वापरली, उगाच, बघू काय होतं म्हणून.

तक्रारी आहेतच. लॉरा इतकी हळू चालते की रामकुंडावर सिंहस्थाच्या गर्दीत माणूस जास्त पटकन पुढे सरकेल. प्रत्येक पाऊल म्हणजे आधीच बनवून ठेवलेला व्हिडिओ, त्यामुळे बटण दाबलं की थांबा, वळली की थांबा, कपाट उघडलं, रिकामं निघालं, परत बंद करेपर्यंत थांबा. ती फिरणारी खोली तर डोकं फिरवते, चाक फिरवा, दार बघा, चुकीचं, परत फिरवा. दोन तासांतली माझी वीसेक मिनिटं तिथेच गेली असतील. आणि आत्ता स्टीमवर जे मिळतं ते जुनंच डॉसवालं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या कॉम्प्युटरसाठीचं आहे, डॉसबॉक्स नावाच्या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालतं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे, चित्र आपल्या मोठ्या स्क्रीनवर धुरकट. नवीन रंगरंगोटी केलेला रीमेक समजून घेऊ नका. नाईटडाईव्ह नावाच्या कंपनीने २०१६ ला परत विक्रीला आणला, बास, एवढंच.

गेम म्हणून दहापैकी सहा. पण मी इथे लिहायला बसलो ते या सहासाठी नाही, आवाजासाठी.

झालं असं की माझे मामा पंचवटीत राहतात आणि सात-आठ वर्षांपासून त्यांना दिसत नाही. साखर. तर मी रविवारी त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन गेलो होतो, गेम तिसऱ्यांदा चालू होता, म्हटलं हे रेडिओ ऐकत बसतील मी हेडफोन लावतो. मामा म्हणाले, "हेडफोन कशाला, मोठ्याने लाव ना, मलाही कळू दे काय चाललंय." लावला. आणि मग तासभर मामा गप्प बसून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "आता दगडावरून चालतेय ना रे ती? मघाशी लाकूड होतं."

मी तीन वेळा खेळून माझ्या लक्षात आलं नव्हतं राव. खरंच होतं.

त्यानंतर मी स्क्रीनकडे बघणं कमी केलं. त्या वाड्यात संगीत फार कमी आहे, बराच वेळ नुसती पावलं, दाराची कुरकुर, लांब कुठेतरी काहीतरी फिरल्याचा आवाज, आणि मग ज्या ठिकाणी लॉराला जुनं काहीतरी आठवतं तिथे संगीत येतं आणि लगेच जातं. दुसऱ्या कोणी डायरेक्टरने संगीतकाराला सांगितलं असतं की बाबा इथे काहीतरी वाजव, रिकामं वाटतंय. हा स्वतःच संगीतकार, त्याला कळलं होतं कुठे हात आवरायचा. पांडवलेणीत वर गेल्यावर पर्यटक गेले की जशी शांतता पडते आणि मग स्वतःच्याच चपलेचा आवाज दचकवतो, तसलं काम आहे.

मग मी या एनोबद्दल वाचत सुटलो. १९७० चा जन्म, शाळा अर्धवट सोडली, गेमच्या छोट्या कंपनीत लागला, एकोणीसच्या आत-बाहेर स्वतःची कंपनी काढली, ती बंद केली, १९९४ ला वार्प नावाची दुसरी काढली. डीमध्ये एक अत्यंत किळसवाणा भाग आहे, तो काय आहे सांगत नाही, लॉराच्या आठवणींत तुकड्या-तुकड्याने येतो, जेवताना खेळू नका एवढंच. तो भाग पास होणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून त्याने तपासणीला साधी आवृत्ती दिली, मग मुद्दाम उशीर केला म्हणजे दंड म्हणून मास्टर डिस्क स्वतः अमेरिकेला नेऊन द्यायची वेळ आली, आणि वाटेत डिस्क बदलली. ही गोष्ट त्याने नंतर स्वतःच मुलाखतीत सांगितली. स्वतःच्या टीमलासुद्धा त्या भागाबद्दल आधी सांगितलं नव्हतं म्हणे. मला यावर काय म्हणावं कळत नाही, कौतुक पण वाटतं आणि अशा माणसाबरोबर नोकरी करायला नको पण वाटतं.

सोनीवर चिडला होता, प्लेस्टेशनवर डीच्या पुरेशा डिस्क छापल्या नाहीत म्हणून. तर १९९६ मध्ये सोनीच्याच कार्यक्रमात, सोनीच्याच मोठ्या पडद्यावर त्याने आपल्या पुढच्या गेमचा व्हिडिओ लावला ज्यात प्लेस्टेशनचा लोगो हळूहळू बदलत सॅटर्नचा, म्हणजे सेगा या दुसऱ्या कंपनीच्या गेम मशीनचा होतो. म्हणजे लग्नात जेवायला बोलावलं आणि ह्याने माईक घेऊन दुसऱ्याच कार्यालयाचं निमंत्रण वाचलं.

तो पुढचा गेम एनिमी झीरो. त्यात शत्रू दिसतच नाहीत. अजिबात नाहीत. फक्त टूं टूं असा सूर येतो, समोर असला तर एक पट्टी, दुसऱ्या दिशेला असला तर वेगळी, जवळ आला की सूर भराभर वाजायला लागतो, आणि बंदूक आधी चार्ज करून ठेवावी लागते, जास्त वेळ धरली की चार्ज उतरतो. कान नीट नसले तर मेलात. यावेळी संगीत मात्र त्याने स्वतः न करता मायकल नायमन या इंग्लिश संगीतकाराकडून करून घेतलं, त्यांना हॉटेलच्या खोलीत सहा तास बसवून पटवलं असं तो सांगायचा. त्याच गेमच्या २० खास प्रती दोन लाख येनला विकल्या आणि स्वतः घरपोच दिल्या. आपल्याकडे गॅस सिलेंडर पण कोणी हसतमुखाने घरपोच देत नाही.

आणि मग १९९७. रिअल साउंड. हा मी खेळलेलो नाही, खेळू शकत नाही, जपानी भाषेत आहे आणि सॅटर्नवर आला होता, नंतर सेगाच्याच पुढच्या मशीनवर, ड्रीमकास्टवर. पण या सगळ्यातलं मला सगळ्यात जास्त आवडलेलं हेच. त्याला अंध लोकांची पत्रं यायची, की आम्ही पण गेम खेळतो, ॲक्शन गेमसुद्धा, आवाजावर. हा उठून त्यांना भेटायला गेला, बघितलं ते कसे खेळतात, किती त्रास होतो. आणि मग असा गेम बनवला ज्यात चित्रच नाही. स्क्रीन काळी. नुसती गोष्ट ऐकायची आणि योग्य जागी ठरवायचं पुढे काय करायचं. ज्याला दिसतं आणि ज्याला दिसत नाही, दोघं एकदम सारख्या पातळीवर. सेगाला अट घातली की गेम फक्त तुमच्या मशीनवर देतो, पण तुम्ही १००० सॅटर्न अंध लोकांना फुकट द्यायचे, गेमच्या १००० प्रती मी देतो. सेगाने दिले. डब्यात ब्रेलमधली माहिती होती आणि बियांची एक पुडी.

हे मी मामांना सांगितलं. मामा जुने आकाशवाणीवाले, श्रुतिका लागली की घरात कोणी भांडं आपटायचं नाही असा त्यांचा नियम होता. म्हणाले, "म्हणजे श्रुतिकाच की रे, फक्त मध्येमध्ये आपल्याला विचारतात."

मी म्हटलं, "हो मामा, तुम्हाला चालला असता तो गेम."

"मग लाव ना."

आता काय सांगणार त्यांना.

पुढे १९९९ ला डी २ आला ड्रीमकास्टवर, कॅनडातल्या बर्फात, लॉरा नावाचीच पण वेगळी बाई, कारण एनो तिला नटी समजायचा, दर सिनेमात वेगळी भूमिका. मग बरीच वर्षं तो गेमपासून लांबच राहिला, २००८ ला आयफोनवर न्यूटोनिका नावाचा गेम, २००९ ला निन्टेन्डोच्या वी नावाच्या मशीनवर एक ठोकळ्यांचा गेम, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत गेला. ४२ वर्षांचा होता. ब्लड प्रेशर, हार्ट.

घ्यायचा का? सेलमध्ये असेल तर घ्या. लॅपटॉपवर खेळा किंवा यूपीएस असेल तर पीसीवर. जेवून बसा, पण नुकतंच जेवून नको. हेडफोन बरे घ्या, मी मेन रोडवरच्या एका दुकानातून साडेतीनशेचे घेतले होते त्यांचा डावा कान पंधरा दिवसांत गेला आणि दुकानदार म्हणतो हे तर असंच असतं, या गेममध्ये डावा कान नसणं म्हणजे अर्धा वाडाच गेला. आरसा शेवटच्या अर्ध्या तासासाठी ठेवा. चाकाच्या खोलीत वैतागू नका, कागद-पेन घेऊन बसा.

परवा मामांचा फोन आला होता, तब्येतीबद्दल, पेन्शनबद्दल, इकडचं तिकडचं. ठेवता ठेवता विचारलं, "अरे त्या डब्यातल्या बिया कसल्या होत्या रे? लावल्या असतील का लोकांनी?"

शोधतोय.