१८६० ची अमेरिका: उत्तर आणि दक्षिण

पैसा दोन्हीकडे होता. उत्तरेत तो गिरण्या आणि रेल्वेत गेला. लॉवेलच्या कापडगिरण्यांत मुली घंटेच्या ठोक्यावर, रोख मजुरीवर राबत. दक्षिणेत तो जमिनीत आणि गुलाम माणसांत अडकला. १७९३ च्या ‘जिन’ या यंत्रामुळे कापसातली सरकी झटपट निघू लागली, पण वेचणी हातानेच. म्हणून कापसाबरोबर गुलामगिरीही फोफावली. गुलामाचा आठवड्याचा शिधा साधारण ६ किलो मक्याचं पीठ, दीड किलो खारवलेलं डुकराचं मांस. अंगावरचं जाडंभरडं कापड मात्र बरेचदा ऱ्होड आयलंडच्या गिरण्यांतलं, त्यामुळे उत्तरेचे हातही काही स्वच्छ नव्हते!

देशातल्या सुमारे ३०,००० मैल रेल्वेपैकी दक्षिणेत जेमतेम ९,०००. त्यातही रुळांची रुंदी जागोजागी वेगळी, माल उतरवून पुन्हा चढवायचा. १८६१ मध्ये उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलं, तेव्हा दक्षिणेला हेच नडलं. त्यात उत्तरेच्या आरमाराने नाकेबंदी केली, दक्षिणेचा कापूस बंदरांत अडला, इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांची चांदी झाली.