जुनी लिंक वाचवायची कशी: ३०१ की जुन्या पत्त्यावर पाटी?

मिहानमधल्या आमच्या टीमने डॉक्युमेंटेशनची मांडणी बदलली आणि दुसऱ्याच दिवशी जुन्या लिंका ४०४ (‘पान सापडलं नाही’) दाखवायला लागल्या. सर्व्हरवर ३०१ रीडायरेक्ट (पत्ता कायमचा बदलल्याचं सांगणारं उत्तर) लावला की ब्राउझर थेट नव्या पत्त्यावर जातो, सर्च इंजिनलाही बदल कायमचा असल्याचं कळतं. जुन्या पत्त्यावर ‘पान हलवलंय’ अशी पाटी ठेवणं हा दुसरा मार्ग. सर्व्हरची सेटिंग हातात नसेल तर त्याचा आधार घेता येतो.

माझं मत ३०१लाच. पण लिंकमधला # नंतरचा, म्हणजे पानातली नेमकी जागा सांगणारा भाग सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. ‘/सेटअप#प्रॉक्सी’मधला प्रॉक्सीचा मजकूरच वेगळ्या पानावर गेला, तर ३०१ वाचकाला भलतीकडे सोडतो. अशा वेळी जुनं पान राहू द्या आणि त्यातल्या त्याच ‘प्रॉक्सी’ आयडीखाली (# नंतरचं नाव ज्या जागेला दिलेलं असतं तिथे) नव्या जागेची लिंक द्या.