व्हॅलिडेटर नोड: इथेरियम, सोलाना की कॉसमॉस हब?

ब्लॉकचेनवरचे व्यवहार तपासून त्यांवर मत देणारं मशीन, म्हणजे व्हॅलिडेटर, चालवायचा ठरलं की बहुतेक जण आधी रॅम आणि डिस्कचा हिशेब मांडतात. मी आधी विचारेन: रात्री तीन वाजता मशीन बंद पडलं, तर किती जाईल आणि कोणाचं?

इथेरियमवर मशीन साधं चालतं, पण आत शिरायलाच स्टेक, म्हणजे तारण, म्हणून ३२ इथर (इथेरियमचं चलन) लागतात. २०२५ च्या पेक्ट्रा अपग्रेडनंतर एका व्हॅलिडेटरवर २०४८ इथरपर्यंत स्टेक मोजला जातो, किमान अट मात्र तीच राहिली. ३२ जीबी रॅम, ४ टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि घरचं बरं ब्रॉडबँड पुरतं. २ टीबी घेऊन पैसे वाचवू नका, ती भरत जाते. व्यवहार राबवणारा एक्झिक्युशन क्लायंट (गेथ किंवा नेदरमाइंडसारखा) आणि ब्लॉकवर एकमत साधणारा कन्सेन्सस क्लायंट (लाइटहाउस किंवा टेकूसारखा), असे दोन प्रोग्राम जोडीने चालवावे लागतात. नेटवर्क सुरळीत असताना तुमची वीज गेली, तर तेवढ्या वेळात जे मिळालं असतं साधारण तेवढाच दंड बसतो. एक रात्र झोपलात तर बुडत नाही.

सोलानावर किमान स्टेकची अट नाही. ऐकायला छान, पण प्रत्येक मत हा शुल्क लागणारा व्यवहार आहे आणि स्टेक कितीही छोटा असला तरी हा खर्च दिवसाला साधारण १ सोलपर्यंत (सोल म्हणजे सोलानाचं चलन) जातो. त्यात स्लॉट, म्हणजे एका ब्लॉकसाठीचा वेळ, सुमारे ४०० मिलिसेकंदांचा, म्हणून मशीन दांडगं हवं: २५६ जीबी किंवा त्याहून जास्त रॅम, अकाउंट्स (खात्यांची स्थिती) आणि लेजर (व्यवहारांची नोंदवही) यांसाठी वेगळ्या एनव्हीएमई डिस्क, दोन्ही बाजूंनी किमान १ जीबीपीएस लाइन. हे घरी करायचं काम नाही, डेटा सेंटरच गाठा.

कॉसमॉस हबचं मशीन या दोघांच्या मधलं. तिथे अडतं ते जागेवर. सक्रिय व्हॅलिडेटरांची संख्या ठरलेली असते आणि यादीतल्या शेवटच्यापेक्षा जास्त स्टेक लागतो, म्हणजे डेलिगेटर, आपला स्टेक तुमच्याकडे सोपवणारे लोक, मिळवायचे. फार वेळ बंद राहिलात तर स्टेकचे ०.०१ टक्के कापून जेलमध्ये टाकतात, म्हणजे यादीतून बाहेर काढतात, तिथून सुटता येतं. दुहेरी सही, म्हणजे एकाच जागेसाठी दोन वेगळ्या ब्लॉकवर सही, केली तर ५ टक्के जातात आणि तो व्हॅलिडेटर कायमचा बाद. कापले जातात ते डेलिगेटरांचेही.

ही दुहेरी सही इथेरियमवरही घात करते, आणि ती बहुधा अतिकाळजीतून होते. सही करायची एकच किल्ली (की) दोन मशीनवर ठेवली, पहिलं बंद पडलं समजून दुसरं सुरू केलं, तेवढ्यात पहिलंही जागं झालं. मशीन बदलताना जुनं पूर्ण बंद करा, त्यावरची किल्ली काढा, स्लॅशिंग प्रोटेक्शनचा डेटा (आधी केलेल्या सह्यांची नोंद) नव्यावर आणा आणि दोन-तीन इपॉक, म्हणजे वीसेक मिनिटं, थांबून मगच सुरू करा. बुडालेली मतं किरकोळ असतात.

एकट्याने घरून करणार असाल आणि ३२ इथर दीर्घकाळ अडकवून ठेवता येत असतील, तर इथेरियम घ्या. सर्व्हर सांभाळणारी टीम असेल तरच सोलाना. कॉसमॉसकडे वळण्याआधी डेलिगेटर कोण असतील ते लिहून काढा. इथेरियम निवडलंत तर आधी हुडी टेस्टनेटवर, म्हणजे सरावाच्या नेटवर्कवर, चालवा, आणि तिथे मुद्दाम एकदा मशीन बदलून पाहा.