घरातली सुतारखोली, आठ महिन्यांनंतर: सगळं अडलं ते भुशाच्या नळीपाशी

मेच्या शेवटी सुतारखोलीतला भुसा ओढणारा व्हॅक्यूम जळका वास सोडून बंद पडला. त्यावरून सर्व्हिस सेंटरमध्ये जो वाद झाला, तेव्हाच हे लिहायला घेतलं. टेबल सॉची, म्हणजे टेबलातून पातं वर येणाऱ्या विजेच्या करवतीची, वैशिष्ट्यं सगळीकडे वाचायला मिळतात, ती परत देत नाही. दहा इंची पातं, २००० वॅटची मोटर, घडीचं स्टँड, या वर्गातला सॉ आहे एवढं पुरे.

खोली पुण्यात धायरीतल्या रो-हाउसच्या तळमजल्यावरची, दहा बाय अकरा. आधी तिथे अडगळ होती. वरच्या मजल्यावर आई असते आणि तिला दमा आहे. त्यामुळे भुसा कुठे जातो हा माझ्यासाठी पहिला प्रश्न, काप किती साफ येतो हा दुसरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली आहे, म्हणजे माणसाला कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या पदार्थांत. त्रास दिसणाऱ्या जाड भुशाचा कमी. दहा मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ तासन् तास हवेत तरंगते आणि छातीत उतरते. एमडीएफ (लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेला बोर्ड) कापलं की हीच धूळ सर्वांत जास्त निघते.

विजेचं थोडक्यात. सॉ २००० आणि व्हॅक्यूम १४०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ १५ अँपिअर. १६ अँपिअरच्या एकाच सॉकेटवर दोन्ही लावले की सॉ सुरू होतानाच्या झटक्याला एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की बंद होणारा स्विच, पडतो. मीटरपासून दोन वेगळ्या लायनी ओढून घ्या, चार स्क्वेअर एमएमची वायर वापरा. वायरमन अडीचमध्ये भागेल म्हणतो, पण या खर्चात काटकसर करू नका.

आता मुख्य तक्रार. सॉच्या मागे भुसा बाहेर काढायचं जे तोंड आहे ते बाहेरून ६० मिमी. व्हॅक्यूमच्या नळीचं टोक ३८ मिमी. दोन्ही मशीनं सुतारकामासाठी म्हणून विकली जातात आणि एकाचं तोंड दुसऱ्याला बसत नाही. सोबत जोडणी नाही, माहितीपत्रकात माप नाही, दुकानदाराला विचारलं तर "टेप गुंडाळा" हे उत्तर. एवढे हजार रुपये घेऊन पन्नास रुपयांची प्लास्टिकची जोडणी खोक्यात टाकता येत नाही, याचा मला आजही संताप येतो.

उपाय प्लंबिंगच्या दुकानात मिळाला. ६३ मिमी पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घ्या. टोक हीट गनने मऊ करून सॉच्या तोंडावर दाबून बसवा आणि तिथेच थंड होऊ द्या. त्याच्या दुसऱ्या टोकाला ६३ बाय ४० चा रिड्यूसर, म्हणजे मोठ्या मापावरून लहान मापावर आणणारी जोडणी. त्या ४० च्या भोकात नळीचं टोक सैल बसतं, म्हणून त्याच्याभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक वेढा. हवा कुठूनही फुटत नाही आणि ओढली तर नळी हाताने निघते. सॉच्या खालची बाजूही उघडी असते. तिथून अर्धा भुसा जमिनीवर पडायचा. मोटरच्या हवेच्या फटी मोकळ्या सोडून बाकीचा भाग सहा मिमी प्लायने बंद केला. खोलीतला फरक त्याच दिवशी दिसला.

आता व्हॅक्यूम. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने फिल्टर उघडला, त्यावर एमडीएफचा पिठासारखा थर होता. "साहेब, हा घरगुती वापर नाही. वॉरंटीत बसत नाही."

मी म्हटलं, "अहो, खोक्यावर लाकूड कापणाऱ्या माणसाचं चित्र तुमच्याच कंपनीने छापलंय. मग आत भुसा नाही तर काय जाणार?"

"चित्राचं आम्हाला माहीत नाही. कार्डावर लिहिलंय ते आम्ही बघतो."

नव्या मोटरचा आकडा सांगितला तो व्हॅक्यूमच्या जवळपास निम्म्या किमतीचा. मशीन उचललं आणि आमच्या भागातल्या वाइंडिंगवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी उघडून बघितलं, म्हणाले, "मोटर कुठे जळलीय? कार्बन संपलेत आणि बेअरिंगमध्ये भुसा गेलाय." कार्बन, म्हणजे मोटरमधले झिजणारे ब्रश, विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून आणले, बेअरिंग त्यांनीच बदललं. काम काही शेकड्यांत झालं. ज्या सेंटरला कार्बन बघायची तसदी घ्यावीशी वाटली नाही, त्यांना मी एकही तारा देणार नाही.

दुरुस्तीनंतर सॉ आणि व्हॅक्यूमच्या मध्ये सायक्लोन बसवला. प्लास्टिकचा शंकू, दीड हजाराच्या आसपास मिळतो. हवा बाजूने शिरून गोल फिरते, जड भुसा कडेला फेकला जाऊन खालच्या बादलीत पडतो आणि हवा मधून वर व्हॅक्यूमकडे जाते. फिल्टर आता पूर्वीसारखा भरत नाही. खाली रंगाची वीस लिटरची रिकामी बादली लावू नका, असं स्पष्ट सांगतो. प्लायची एक चिपळी रिड्यूसरमध्ये आडवी अडकली, हवा कोंडली आणि बादली दोन्ही बाजूंनी आत ओढली जाऊन झाकणासकट वाकडी झाली. केमिकलचा निळा ड्रम जाड असतो, तो टिकतो.

इथपर्यंतचं जूनच्या सुरुवातीला लिहिलं होतं. आता ऑगस्ट संपत आलाय आणि दोन मतं बदलली आहेत.

एक, सायक्लोनने प्रश्न सुटला असं मला वाटत होतं. तो फिल्टरचा सुटला, आईचा नाही. सर्वांत बारीक धूळ सायक्लोनमधून निसटते आणि पावसाळ्यात खिडकी बंद असली की व्हॅक्यूमच्या मागच्या हवेबरोबर खोलीत परत येते. म्हणून व्हॅक्यूमच मागच्या पडवीत, पत्र्याखाली ठेवला आणि भिंतीला भोक पाडून नळी आत आणली. आवाजही कमी झाला. आठ महिन्यांतला सर्वांत उपयोगी बदल हाच. जिन्याच्या कठड्यावर बोट फिरवलं तर आता पांढरं लागत नाही, आणि सकाळचा आईचा खोकला कमी आहे. सँडिंगला एन-९५ मास्क मात्र लागतोच. सागाच्या धुळीने मनगटाला खाज येते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

दोन, सॉला मी आधी पाचपैकी साडेचार तारे दिले होते, ते आता साडेतीन. मशीन बिघडलेलं नाही. गाईड (फळी टेकवून सरकवायची पट्टी) अजून पात्याला समांतर आहे, प्लायचे उभे काप सरळ येतात. पण भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सागाच्या फळ्या आणायला लागल्यापासून कडा मी सॉने नाही, रंध्यानेच साफ करतो. रंध्याला चांगली धार असली की पापडासारखी पातळ ढलपी निघते, हाताने गोळा करून पोत्यात भरता येते आणि हवेत काही राहत नाही. सँडिंगचं निम्मं काम त्याने वाचतं. रंधा नि पटाश्यांना पावसाळ्यात तेलाचा हात मात्र फिरवत राहा.

नवीन खोली लावणाऱ्यांनी व्हॅक्यूम आधी घ्यावा आणि त्याची नळी हातात घेऊनच सॉच्या दुकानात जावं. तोंड बसत नसेल तर जोडणी दुकानदाराकडूनच मागा, बिलात लिहून घ्या. माझ्या सँडरचं तोंड तिसऱ्याच मापाचं आहे. त्यासाठी ४० वरून ३२ चा रिड्यूसर आणून ठेवलाय, बसला की इथेच माप टाकतो.