'दिने'नंतर या, म्हणाले

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या सेंत-यासेंतचा मॉल बघायला मॉन्ट्रियलहून मुद्दाम येऊ नका. साठेक किलोमीटर गाडी हाणून तीच कपड्यांची दुकानं, तेच औषधांचं दुकान, तेच स्वस्त वस्तूंचं डॉलर-दुकान. पण आमच्यासारखे इथे राहायला येणार असाल आणि फ्रेंच पुस्तकातून शिकला असाल, तर पहिल्याच आठवड्यात एक चक्कर टाका.

हा सगळा पट्टा गाई, डुकरं, मका, सोयाबीन यांचा. फ्रेंचमधून शिकवणारं कॅनडातलं एकमेव पशुवैद्यकीय महाविद्यालयही इथेच. नवरा दुधावरच्या संशोधनात, म्हणून आम्ही इथे. मॉलचं गिऱ्हाईक सगळं गोठ्याच्या वेळापत्रकावर चालणारं, त्यामुळे काचेत उंच टाचांपेक्षा रबरी बूट जास्त. नवऱ्यासाठी तसलेच घेतले. पाटीवर 39.99 डॉलर. गल्ल्यावर त्यात 5 टक्के कॅनडाचा कर आणि 9.975 टक्के क्वेबेकचा, झाले 45.98. रोख दिले म्हणून सरळ 46. एक सेंटचं नाणं 2013 पासून बँका देतच नाहीत. पाटीवरची किंमत धरून पैसे मोजून नेऊ नका, एवढंच.

आता माझी फजिती. मॉलमधल्या शिवणाच्या दुकानात कोटाच्या बाह्या आखूड करायला दिल्या होत्या. बाई म्हणाल्या, शनिवारी 'दिने' झाल्यावर या. पुस्तकात दिने म्हणजे रात्रीचं जेवण. म्हटलं, किती उशिरापर्यंत काम करतात बिचाऱ्या! आठ वाजता पोचले तर अंधार. शनिवार-रविवारी इथली बहुतेक दुकानं 5 ला बंद होतात, कायदाच आहे तसा.

सोमवारी सकाळी परत गेले. कॉफीच्या टेबलाभोवती निवृत्त शेतकऱ्यांचं टोळकं होतं. ते रोजच असतं, टोप्या घालून, दुधाच्या भावावर आणि पावसावर बोलत. त्यातल्या एका आजोबांना मी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सगळी कथा सांगितली. ते पोट धरून हसले आणि कागदी रुमालावर पेनाने लिहून दिलं: सकाळी 'देजने', दुपारी 'दिने', रात्री 'सुपे'. म्हणजे पॅरिसचं अख्खं ताट एक घर मागे सरकवलेलं! मी 'मेर्सी' म्हटलं, तर म्हणाले 'ब्येंव्हन्यू'. मला वाटलं, नव्याने स्वागत करतायत. तर इथे 'त्यात काय एवढं' म्हणायची ती पद्धत आहे.

इंग्रजीत उत्तर देणारे मिळतात, पण आपण अडखळत फ्रेंच बोललो की समोरचा थांबतो, हळू बोलतो. मोठ्या शहरात माझं फ्रेंच ऐकताच माणसं इंग्रजीवर उतरतात, आणि मी होते तिथेच राहते.

खाण्याचं थोडक्यात. पुतीन म्हणजे तळलेले बटाटे, वर चीजचे गोळे आणि तपकिरी रस्सा. हा रस्सा बहुतेक ठिकाणी मांसाच्या अर्काचा असतो, शाकाहारी असाल तर आधी विचारा. नुसते चीजचे गोळे मात्र जरूर घ्या. ताजे असले की दाताखाली कुईकुई वाजतात. भाजी मॉलमध्ये घेऊ नका, त्यासाठी गावातला जुना बाजार आहे.

कोटाच्या बाह्या अजून अर्धा इंच लांबच आहेत. 'जरा अजून' ला काय म्हणायचं, ते उद्या आजोबांना विचारते.